पुढच्या चाकांचा प्रश्न

रविवारी दुपारी साडेतीन वाजता, घाटाच्या उतारावर, कोटेशनकाकांनी ब्रेक दाबला आणि ट्रक थांबला नाही.

त्यांनी पुन्हा दाबला. पॅडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं आणि तिथेच राहिलं. मग काकांनी दोन्ही पाय लावले. शेजारी बसलेल्या काकूंनीही, त्यांच्या बाजूला पॅडल नसताना, जिवाच्या आकांताने पाय दाबला. रस्ता दुरुस्तीवाल्यांनी वळणावर टाकलेल्या वाळूच्या ढिगात ट्रकचं नाक घुसलं आणि सगळं शांत झालं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता. मागच्या हौद्यात, नातवासाठी चाललेला लाकडी पाळणा दोरांमध्ये आपला आपणच झुलत होता.

काकू उतरल्या. अंगावरची धूळ झटकली. आधी चाकांकडे पाहिलं, मग काकांकडे.

"कोणत्या गिअरमध्ये होतो आपण?"

"तो आत्ता मुद्दा नाही."

"न्यूट्रलमध्ये होतो. संपूर्ण घाट, नुसत्या ब्रेकवर."

"डिझेल वाचतं त्याने. हे मी नाही म्हणत, ऑफिसचा नियम होता."

"ऑफिस सुटून किती वर्षं झाली?"

या प्रश्नाचं उत्तर दोघांनाही माहीत असल्यामुळे काकांनी दिलं नाही. तेवढ्यात मागून बस आली. काकूंनी हात केला, बस थांबली; तीही एका झटक्यात, जिथे हात केला तिथेच, हे काकांच्या फार मनाला लागलं. कंडक्टरने पाळणा टपावर चढवला. पायरीवर एक पाय ठेवून काकू म्हणाल्या, "या गाडीचे ब्रेक धड झाल्याशिवाय मी हिच्यात पाऊल ठेवणार नाही."

"आणि मी आलो तर याच गाडीने येईन!" काका म्हणाले.

बस गेली. ही दोन वाक्यं बोलताना दोघांनाही बरं वाटलं असणार. पण वाक्यांचं असं असतं, की ती रस्त्यात, चार लोकांदेखत बोलली गेली, की परत घेताना साक्षीदार आडवे येतात. त्या बसमध्ये तर काकांच्या कॉलनीतले दोघेजण बसलेले होते. ट्रक ओढून घरी येईपर्यंत दोन्ही वाक्यं कॉलनीत पोहोचली होती.

काकू लेकीकडे पंधरा दिवसांसाठी निघाल्या होत्या. लेकीचं घर घाटाच्या पायथ्याशी, बाळ नुकतंच झालेलं, जावई फिरतीच्या नोकरीवर. पंधरा दिवस कधीच उलटून गेले. बाळ पालथं पडायला लागलं. काकू तिथेच होत्या, आणि काका इथे.

ज्याला त्याला वाटायचं की उपाय समोरच उभा आहे. तो खरोखरच समोर उभा असायचा. काकांच्या गॅलरीतून बसस्थानक दिसायचं, आणि लेकीच्या गावाची पाटी लावलेली गाडी सकाळी आठला बरोबर गॅलरीसमोरच्या फलाटावर लागायची. काका हातात चहाचा कप घेऊन तिच्याकडे पाहत उभे राहायचे. ड्रायव्हर चढायचा, माणसं चढायची, कुणाची तरी पेटी चढायची. बस निघाली की काकांचा चहा गार झालेला असायचा. खालून कुणीतरी हमखास विचारायचं, "काका, बस आहे की! जाऊन का येत नाही?"

"ट्रकचं काम चाललंय," काका म्हणायचे.

कोटेशनकाका हे नाव त्यांना कॉलनीने दिलं होतं. सगळं आयुष्य एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात गेलं, आणि तीन ठिकाणचे भाव आल्याशिवाय काही घ्यायचं नाही ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. भाजीवाल्याला ते "लेखी द्याल का?" असं विचारत. ट्रकही त्यांच्याच विभागाने घेतलेला. कार्यालयाने तो मोडीत काढला तेव्हा काकांना राहवेना आणि त्यांनी तो स्वतः घेतला. ट्रक म्हणायचं ते मानाने. तसा छोटाच, पुढे दोन माणसं आणि मागे एक कपाट मावेल एवढा. पण उंच होता. काकू त्यात बसून संध्याकाळी भाजी आणायला जायच्या तेव्हा सगळा बाजार त्यांना वरून दिसायचा. "आज टोमॅटोवाल्याकडे नको, मागचे सडलेत," असं त्या काचेतूनच सांगायच्या.

आता भाजीला काका पायी जात, आणि टोमॅटो सडलेलेच येत.

ट्रक गॅरेजला गेला. तिथला मिस्त्री कशालाही "बघूया" म्हणायचा, म्हणून त्याला सगळे बघूयामिस्त्री म्हणत. त्याने चाकं काढून ब्रेकच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या, दाखवल्या. तापून निळ्या पडल्या होत्या, कडेला पापुद्रे आले होते, आणि त्यांना दोन्हीकडून आवळणाऱ्या पॅडचा निव्वळ कोळसा झाला होता.

"होत्या तशाच नव्या टाकू," मिस्त्री म्हणाला. "पूर्वीसारखी होईल गाडी."

इथेच सगळं बिनसलं. काकांना पूर्वीसारखी गाडी नको होती. गाडी पूर्वीसारखी असतानाच काकू उतरून गेल्या होत्या. काकूंना परत आणायचं तर ब्रेक असे हवेत, की ज्यांच्याविषयी बोलताना माणसाचा आवाज बदलावा.

"याहून चांगलं काही मिळतं का?"

"मिळतं की." मिस्त्रीने हात पुसले. "बघूया."

मिळत होतं, हेच संकट होतं. सुट्या भागांच्या दुकानात पार्टवाल्याने काउंटरवर तीन डिस्क मांडल्या. एक साधी, गुळगुळीत. एक भोकाभोकांची, चाळणीसारखी. तिसरीवर तिरप्या खाचा. पॅडही दोन तऱ्हेचे. सिरॅमिकचे पॅड आवाज करत नाहीत आणि चाकांवर काळी धूळ सोडत नाहीत. धातू मिसळलेले पॅड घाटातली उष्णता जास्त सोसतात, पण कुरकुरतात. काकांनी प्रत्येक डिस्क हातात घेऊन जोखली, रुमालाने पुसली, परत ठेवली. "कोटेशन मिळेल?" असं विचारलं. पार्टवाल्याने मिळेल म्हटलं. काका आनंदाने घरी आले आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

काकूंचा फोन रोज संध्याकाळी यायचा.

"जेवलात?"

"हो. सिरॅमिकचं आज सविस्तर कळलं."

"काय जेवलात?"

"त्याची धूळ उडत नाही. चाक स्वच्छ राहतं."

"मी जेवणाचं विचारतेय."

"पाव."

"आणि?"

"आणि काय? पाव."

पलीकडे मागे बाळाचा काहीतरी आवाज. काकांना म्हणायचं होतं, की घर खायला उठतं. गाळणी सापडत नाही, पलंगाच्या त्या बाजूची उशी मी हलवलेली नाही, आणि संध्याकाळी दिवा लावायचा कंटाळा येतो. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "धातूच्या पॅडला मात्र थोडी घरघर असते. तुला आवाज चालेल का?"

"कसला?"

"ब्रेकचा."

"तुमचा चालवून घेतला की एवढी वर्षं."

काका त्या रात्री हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिले. ते सिरॅमिकच्या बाजूने होतं की धातूच्या, ते ठरेना.

शेवटी काकांनी तेच केलं, जे त्यांच्या विभागात अशा प्रसंगी करत. त्यांनी समिती नेमली. एकट्याने निर्णय घेणं काकांना जन्मात जमलं नव्हतं. एकट्याने घेतलेल्या निर्णयाचा दोष एकट्यावर येतो, आणि खरेदी विभागात दोष एकट्यावर आला की माणूस संपला. समितीत दोघे होते. एक शेजारचे निवृत्त हेडमास्तर, ज्यांना सायकलही धड येत नव्हती. दुसरे कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे औषधवाले म्हणत, आणि जे बायकोच्या स्कूटरवर मागे बसून दुकानात येत. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. काकांच्या मते समितीच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट होती.

बैठक काकांच्या बाहेरच्या खोलीत झाली. चहा काकांनी केला. गाळणी न सापडल्याने तो रुमालातून गाळला. त्या रुमालाने आदल्या दिवशी डिस्क पुसल्या होत्या, हे त्यांना पहिल्या घोटानंतर आठवलं. समितीने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"भोकांची," हेडमास्तर म्हणाले. "हवा खेळती पाहिजे. मी शाळेत पहिलं काय केलं? खिडक्या पाडल्या. निकाल कुठल्या कुठे गेला."

"हेडसर, भोक पडलेली वस्तू तापली की तडकते," औषधवाले म्हणाले. "खाचांचीच घ्या. खाच म्हणजे काय, उतार देणं. ताप आला की कुठून तरी बाहेर गेला पाहिजे."

"तेच तर मी म्हणतोय. भोकातून जाईल."

"भोकातून तडा जाईल."

"आणि पॅड?" काकांनी विचारलं.

"सिरॅमिक," हेडमास्तर म्हणाले. "शांतता हवी. वहिनींना शांतता आवडते."

"धातू," औषधवाले म्हणाले. "वहिनींना जिवंत राहायला आवडतं."

 काका खाली बघत कपाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"वहिनी येणार कधी?" हेडमास्तरांनी हळू आवाजात विचारलं.

"तुमचं ब्रेकचं ठरलं की," काका म्हणाले.

समितीच्या पुढच्या बैठकाही झाल्या. भोकं आणि खाचा यांच्यावरून हेडमास्तर आणि औषधवाले एकमेकांच्या घरासमोरून जायचे बंद झाले. कॉलनीत दोन तट पडले. ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते जास्त जोराने बोलत. इकडे बाळ बसायला लागलं. काकूंनी फोनवर सांगितलं, "उशीचा टेकू लागतो अजून. पण बसतो. आणि दाराकडे बघत बसतो." काकांनी विचारलं, "दाराकडे का?" काकू म्हणाल्या, "मला काय माहीत. कुणी येणार असेल म्हणून."

त्या फोननंतर काकांचा धीर सुटला. भोकांच्या घेतल्या तर औषधवाले दुखावणार, खाचांच्या घेतल्या तर हेडमास्तर. एकाशी रोजचं वर्तमानपत्र वाटून घ्यायचं, दुसऱ्याकडून रक्तदाबाच्या गोळ्या यायच्या. कुणाला नाही म्हणायचं? आयुष्यभर काकांनी अशा पेचातून एकच वाट काढली होती. ऑर्डर निम्मी निम्मी वाटून द्यायची. कार्यालयात खुर्च्या घेतल्या तेव्हा निम्म्या एकाकडून घेतल्या होत्या, निम्म्या दुसऱ्याकडून, आणि कुणी तक्रार केली नव्हती. अर्थात, खुर्च्यांना एकाच वेळी थांबावं लागत नाही.

काकांनी पार्टवाल्याला सांगितलं: डाव्या चाकाला भोकांची डिस्क आणि सिरॅमिकचे पॅड, हेडमास्तरांप्रमाणे. उजव्याला खाचांची आणि धातूचे पॅड, औषधवाल्यांप्रमाणे.

पार्टवाल्याने विचारलं, "दोन गाड्या आहेत?"

"एकच. तुलनात्मक चाचणी आहे."

बघूयामिस्त्री अडवेल असं वाटलं होतं. पण त्याच्या डोळ्यांत चमक आली. "असं कुणी केलेलं नाही बघा अजून," तो म्हणाला. "मलाही बघायचंच होतं काय होतं ते." आणि एवढ्या हौसेने त्याने काम केलं, की संध्याकाळपर्यंत गाडी तयार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी कॉलनी जमली. डावीकडे हेडमास्तर उभे राहिले, उजवीकडे औषधवाले. प्रत्येकजण आपापल्या चाकाजवळ. काकांनी गाडी काढली, कोपऱ्यापर्यंत वेग दिला, आणि ब्रेक दाबला. डावं चाक हेडमास्तरांच्या शाळेसारखं शांतपणे, शिस्तीने मंद होत गेलं. उजव्याने जागच्या जागी पकड घेतली. ट्रकने उजवीकडे मान वळवली आणि औषधांच्या दुकानाच्या पायरीवर पुढचं चाक चढवून, दुकानाची पाटी खाली पाडून, काउंटरपासून हातभर अंतरावर तो थांबला.

"बघितलंत? उजवं धरतं! मी म्हणत होतो!" औषधवाले ओरडले. मग त्यांचं लक्ष पाटीकडे गेलं.

"थांबलं हे महत्त्वाचं," बघूयामिस्त्री म्हणाला.

 हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरत गेलं, आणि ते लपवायला ते घरी निघून गेले.

दुर्दैवाने दुकानात त्या वेळी एक वाहतूक हवालदार खोकल्याचं औषध घ्यायला आला होता. त्याने बाटली खिशात घातली, चाकांभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मूळचे भाग बदललेत ना? तपासणी झाली?"

"कसली तपासणी?"

"करून घ्या. तोवर ही गाडी रस्त्यावर दिसता कामा नये."

काका वाहन तपासणी कार्यालयात गेले. खिडकीत बसलेल्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "गाडी आणा," त्या म्हणाल्या.

"रस्त्यावर आणायची मनाई आहे."

"तपासणी झाली की मनाई उठेल."

"पण तपासणीला गाडी आणायची कशी?"

"चालवत."

 अशी उत्तरं त्यांनी स्वतः कितीतरी वर्षं दिली होती. लोक खिडकीच्या पलीकडे लाल होत, टेबल आपटत, आणि काका शांतपणे चष्मा पुसत. पलीकडे उभं राहून ऐकायची ही पहिलीच वेळ. संतापायला हवं होतं, पण एका जुन्या गवयाला दुसऱ्याची तान ऐकून व्हावं तसं त्यांना झालं. "सुंदर," ते म्हणाले. बाईंनी संशयाने वर पाहिलं. काका पुढे वाकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, घाटाखाली आमची माणसं आहेत. मला उतरून जायचंय."

"मग बस आहे की," बाई म्हणाल्या.

अखेर बाईंनीच वाट सांगितली. ओढून आणलेली गाडी चालवलेली धरत नाहीत. तेव्हा दुसऱ्या एका ट्रकला दोर बांधून काकांचा ट्रक शहरभर ओढत नेला गेला, आणि काका आत बसून, गरज नसताना, प्रत्येक चौकात हात दाखवत राहिले. बसस्थानकाजवळ लेकीच्या गावाची गाडी बाजूने पुढे गेली. तिच्या खिडकीत बसलेल्या एका लहान मुलीने काकांना टाटा केला. काकांनीही केला.

तपासणीच्या आवारात निरीक्षक चाकाजवळ उकिडवे बसले. डावीकडे बसले. उठून उजवीकडे गेले. परत डावीकडे आले. मग त्यांनी आत हाक मारली, आणि आतून चार-पाच लोक बाहेर आले.

"ही काय भानगड आहे?"

"तुलनात्मक चाचणी," काका म्हणाले, पण या वेळी आवाज बसला होता.

कुणीतरी फोटो काढला. कुणीतरी विचारलं, "साहेब, बूटही असेच घालता का?" काकांनी नकळत खाली पाहिलं. बूट एकाच जोडीचे होते, पण आपण खाली पाहिलं याची लाज त्यांना पुढे बरेच दिवस पुरली. निरीक्षकांनी नापास केलं. दोन्ही चाकांना एकसारखं बसवून आणा, म्हणाले.

आता निवड करायचीच होती, आणि समिती मोडीत निघाली होती. काका पार्टवाल्याच्या काउंटरवर एकटे उभे राहिले. खाचांची डिस्क उचलली. धातूचे पॅड उचलले. हे आवाज करतात, हे पार्टवाल्याने पुन्हा सांगितलं.

"करू देत," काका म्हणाले. शांततेची त्यांना आता भीती वाटायला लागली होती. घरात ती भरपूर होती.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तीन भाव न मागवता वस्तू घेतली. बाहेर येऊन थोडा वेळ फुटपाथवर थांबले, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

निर्णय खाचांच्या बाजूने लागला, पण औषधवाल्यांना धड आनंद होईना, कारण त्यांची पाटी अजून भिंतीला टेकून उभी होती. हेडमास्तरांनी वर्तमानपत्र पाठवणं बंद केलं.

नवे पॅड बसवले की काम संपत नाही. पॅड आणि डिस्क यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते, असं बघूयामिस्त्रीने समजावलं. गाडीला वेग द्यायचा, ब्रेक लावून हळू करायची, पण पूर्ण थांबवायची नाही. पुन्हा वेग, पुन्हा हळू. असं बऱ्याच वेळा, आणि मग गार होऊ द्यायची. तपासणीवाल्यांनी त्यासाठी एक सकाळ मोकळीक दिली. कॉलनीमागच्या टाकीच्या रस्त्यावर काका फेऱ्या मारू लागले. पाहणाऱ्यांना दिसायचं ते एवढंच, की काका जोरात येतात, ब्रेक लावतात, आणि थांबत नाहीत. दोन बायका भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्याने पिशवी टाकून पळ काढला.

चौथ्या की पाचव्या फेरीला हेडमास्तर रस्त्याच्या कडेला दिसले. त्यांनी हात वर केला. दुसऱ्या हातात वर्तमानपत्र होतं. भांडण मिटवायलाच आले होते. काकांनी ब्रेक लावला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, माणसाच्या चालीवर आली. खिडकी हेडमास्तरांच्या बरोबर समोर आली.

"थांबता येत नाही!" काका म्हणाले, आणि वेग देऊन निघून गेले.

परतीच्या फेरीला हेडमास्तर तिथे नव्हते.

त्या फेऱ्यांमध्ये काकांना आपल्या हाताची एक सवय कळली. ब्रेक लावला, की डावा हात आपोआप स्टिअरिंग सोडून शेजारच्या सीटसमोर आडवा जायचा. काकूंना धक्का बसू नये म्हणून. काकू नेहमी तो हात झटकायच्या, "गाडी बघा," म्हणायच्या. आता हात जायचा, थोडा वेळ हवेत थांबायचा, कुणी झटकायचं नाही, आणि परत यायचा. काकांनी ठरवून हात स्टिअरिंगवर धरून पाहिला. पुढच्या ब्रेकला तो पुन्हा गेला. शेवटी त्यांनी त्याला जाऊ दिलं.

तपासणीत गाडी पास झाली. निरीक्षकांनी स्वतः चालवून पाहिली, सरळ थांबली. फक्त थांबताना घर्र असा आवाज केला. "आवाज आहे," निरीक्षक म्हणाले. "हो," काका अभिमानाने म्हणाले.

त्या संध्याकाळी फोनची वाट न पाहता काकांनीच फोन लावला.

"झाले," ते म्हणाले.

"काय झाले?"

"ब्रेक."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "कोणते घेतले मग शेवटी?"

"खाचांचे. धातूचे पॅड. थोडा आवाज येतो."

"कसा?"

काकांनी इकडे तिकडे पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. ते फोनमध्ये म्हणाले, "घर्रर्र."

आणि पलीकडे कुणीतरी हसलं. काकू नव्हत्या, फार बारीक हसू होतं, मध्येच उचकीसारखं अडकणारं.

"अहो, तो हसला," काकू म्हणाल्या. "मी फोन त्याच्या कानाला लावलाय. पुन्हा करा."

काकांनी पुन्हा केलं. मग आणखी एकदा, उतारावरचं. मग पूर्ण भरलेल्या गाडीचं. बराच वेळ कोटेशनकाका रिकाम्या घरात उभे राहून ब्रेकचे आवाज काढत होते, आणि घाटाखालून कुणीतरी हसत होतं. खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन दार वाजवलं, तेव्हा कुठे ते थांबले.

मग काकू फोनवर आल्या. आवाज थोडा वेगळा होता. "लगेच इथवर नका येऊ," त्या म्हणाल्या. "मी परवा सकाळच्या बसने वर येते. घाटमाथ्यावर थांबा. तिथून खाली गाडीत बसायचं की नाही, ते मी तिथे ठरवीन. बसले आणि नीट पोहोचलो, तर आठवड्याने तुमच्याबरोबर घरी येते."

"आणि नाही बसलीस तर?"

"तर बस आहे की," काकू म्हणाल्या.

ठरलेल्या दिवशी काका इतक्या लवकर घाटमाथ्यावर पोहोचले, की चहाची टपरीसुद्धा अजून उघडायची होती. त्यांनी काच पुसली. आरसे पुसले. पुन्हा काच पुसली. बस आली तेव्हा धुकं उठलं होतं आणि खाली, फार खाली, वळणांच्या टोकाला लेकीच्या गावाची घरं दिसत होती.

काकू उतरल्या. थोड्या बारीक झाल्या होत्या, किंवा काकांनाच तसं वाटलं. त्यांनी काकांकडे पाहून मान हलवली, आणि सरळ ट्रकपाशी गेल्या. उजव्या चाकाजवळ वाकल्या, मग डाव्याजवळ. दोन्हीकडे सारखंच दिसतंय याची खात्री केली. निरीक्षकांच्या आवारातला फोटो घाटाखालीही पोहोचला होता, हे काकांना तेव्हा समजलं. शेजारी खाली जाणारी बस उभी होती. काकूंनी तिच्या ड्रायव्हरला हाक मारली.

"अहो, तुमच्या गाडीला कोणते ब्रेक आहेत?"

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. जरा विचार केला. "काय माहीत, मावशी. लागतात."

काकांना यावर बरंच काही बोलता आलं असतं. त्यांनी आरसा पुन्हा एकदा पुसला.

"मावशी, जागा धरू का?" कंडक्टरने दारातून विचारलं. "दोनच राहिल्यात."

"थांबा जरा," काकू म्हणाल्या. "चहा घेते."

त्या टपरीच्या बाकावर बसल्या. काकाही बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. काकूंनी दोन चहा सांगितले, एक बिनसाखरेचा. बिनसाखरेचा आला तो त्यांनी न बघता काकांकडे सरकवला. बाळाला आता दात येतोय, त्या म्हणाल्या. खालचा. काका म्हणाले, बरं. कंडक्टरने एकदा घंटी वाजवली. काकूंनी त्याच्याकडे हात करून थांबायची खूण केली, आणि फुंकर घालून एक घोट घेतला.

बसचं इंजिन सुरू होतं. ट्रकचं बंद होतं. काकूंचा चहा अजून अर्धा होता.